वाघ मोजले, माणसं कधी मोजणार?

थोडं लांब लिहितोय. वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा जरूर.

२०१९ मध्ये सात महिने मी दर तीन आठवड्यांनी नागपूरला जात होतो. बायकोला खरं कारण माहीत होतं. बाकी सगळ्यांना, म्हणजे स्टाफरूममध्ये, शेजारी, अगदी सख्ख्या मोठ्या भावालाही सांगून ठेवलं होतं की दाताचं काम काढलंय, रूट कॅनाल. एका दाताला सात महिने कोणता डॉक्टर लावतो, असं कुणी विचारलं नाही. एका सहकाऱ्यांनी मात्र काळजीने लवंगेच्या तेलाची बाटली आणून दिली. ती अजून घरात आहे.

जात होतो मानसोपचारतज्ज्ञाकडे. मला डिप्रेशन होतं. हे वाक्य आज पहिल्यांदा जाहीरपणे लिहितोय. रोज शंभर पोरांसमोर उभं राहून बोलणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला ते लिहायला सहा वर्षं लागली, एवढं आधी नोंदवून ठेवतो.

पण आज माझं रडगाणं गायचं नाहीये. त्या दवाखान्यातली एक गोष्ट सांगायचीय. तिसरी की चौथी खेप असेल. बाकड्यावर बसलो होतो, तर समोर आपल्या ब्रह्मपुरीतलेच एक गृहस्थ. रोज नमस्कार-चमत्कार असलेले. दोघांनी एकाच वेळी एकमेकांना पाहिलं आणि दोघांनीही एकाच वेळी मोबाईल काढला. शेवटी तेच म्हणाले, "बहिणीला दाखवायला आणलं जी." बहीण कुठे दिसत नव्हती. मी म्हटलं, "मी पण मित्रासोबत आलोय." मित्रही कुठे दिसत नव्हता. परतीची एसटी एकच होती. ते पुढे बसले, मी अगदी मागे. नागभीडला गाडी थांबली तेव्हा चहासुद्धा आम्ही वेगवेगळ्या टपरीवर प्यायलो.

सात महिन्यांत त्या एका दवाखान्यात मला आपल्या भागातले पाच ओळखीचे चेहरे दिसले. ब्रह्मपुरीचे, वडशाचे, एक नागभीडकडचा. एक डॉक्टर, आठवड्यातला एक वार, आणि ओळखणारा मी एकटा. तरी पाच. तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न घोळतोय की आपल्याकडे असे एकूण आहेत तरी किती?

ब्रह्मपुरी वनविभागात वाघ किती, हे विचारलं तर पानठेल्यावरचा पोरगाही सांगेल. जंगलात कॅमेरे बांधतात, वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे टिपतात आणि पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखतात. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघांचा अंदाज निघाला. मला याचं कौतुकच आहे. मोजलं म्हणून योजना आल्या, माणसं नेमली गेली. पण त्याच जंगलाच्या काठाला राहणाऱ्या माणसांपैकी किती जण पहाटे तीनला उठून छताकडे बघत पडतात, यासाठी अजून कुणी कॅमेरा बांधलेला नाही.

देशाचे आकडे आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, बारा राज्यांत. शेजारचं छत्तीसगड त्यात होतं, मध्य प्रदेश होता. महाराष्ट्र नव्हता. त्यात असं निघालं की अठरा वर्षांवरच्या माणसांत कोणत्याही वेळी २.७ टक्के लोकांना डिप्रेशन असतं, म्हणजे दर चाळिसात एकाला. आणि आयुष्यात कधी ना कधी होऊन गेलेले ५.२ टक्के, म्हणजे दर विसात एक. त्यातल्या सुमारे ८५ टक्के लोकांना काहीही उपचार मिळत नव्हते.

आपला तालुका दीड लाखाच्या पुढचा आहे. हिशोबाला सोपं म्हणून एक लाख मोठी माणसं धरा. २.७ टक्क्यांनी आज या घडीला २,७०० जण होतात. त्यातले सुमारे २,३०० विनाउपचार.

आता दुसरा आकडा बघा, आणि हा आपल्या विदर्भातलाच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांमध्ये 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता. त्याचा अहवाल २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त छापून आला. काम सुरू करण्याआधी त्यांनी घरोघरी जाऊन नऊ प्रश्नांची यादी विचारली. तेव्हा १४.६ टक्के मोठ्या माणसांत डिप्रेशनची लक्षणं निघाली. दर सातात एक! आपल्या एका लाखाच्या हिशोबात २,७०० च्या जागी १४,६००.

कुठे २.७ आणि कुठे १४.६. मग खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. एका ठिकाणी आजाराचं पक्कं निदान व्हावं अशी लांबलचक मुलाखत होती. दुसऱ्या ठिकाणी चाळणी होती, जिच्यात पक्का आजार असलेले येतात आणि आजाराच्या उंबरठ्यावर उभे असलेलेही येतात. शिवाय गावं वेगळी, तिथली परिस्थिती वेगळी. पण माझ्यासारख्या माणसाला यातून एक गोष्ट पक्की समजली. आकडा किती निघेल हे कोण विचारतो, कसं विचारतो आणि कोणत्या शब्दांत विचारतो यावर ठरतं. आणि विचारलंच नाही तर आकडा शून्य निघतो. आपल्याकडे सध्या शून्य चालू आहे.

विचारण्याचंच सांगतो. नागपूरला जाण्याआधी आठ महिने मी इथेच फिरत होतो. छातीत दडपण, मान आणि पाठ सतत दुखणं, पहाटे तीन-साडेतीनला टक्क जाग, जेवण बेचव. ईसीजी झाला, सोनोग्राफी झाली, रक्त चार वेळा तपासलं. पित्ताच्या गोळ्या इतक्या खाल्ल्या की मेडिकलवाला चिठ्ठी न बघताच पुडी बांधायचा. प्रत्येक डॉक्टर म्हणायचे, "सर, सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका." वर्गात मी शिकवत होतो, हसतही होतो. फक्त घरी आल्यावर गाडीवरून उतरायला पंधरा-पंधरा मिनिटं लागायची. अंगणात गाडी उभी आणि मी तिच्यावर बसलेला. बायको दारातून बघायची.

शेवटी एका तरुण डॉक्टरने फाईल बंद केली आणि विचारलं, "सर, गेल्या दोन आठवड्यांत, आधी आवडायची ती कामं करण्यात मन लागतं का? आणि उदास, आता काही बरं होणार नाही, असं वाटतं का?" बास. दोन प्रश्न. मला बोलता येईना. आठ महिन्यांत हे पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं.

नंतर कळलं की हे दोन प्रश्न त्याने मनाने काढलेले नव्हते. जगभर वापरतात ते. आणि गंमत अशी की ते आपल्या गावागावांत आधीच पोचलेले आहेत. आशाताई तीस वर्षांवरच्या लोकांचा बीपी-शुगरसाठी जो फॉर्म भरतात, 'सीबॅक' म्हणतात त्याला, त्याच्या शेवटच्या भागात नेमके हेच दोन प्रश्न छापलेले आहेत. गुण जास्त आले तर डॉक्टरकडे किंवा सीएचओकडे पाठवा, अशी सूचनाही आहे. म्हणजे यंत्रणा कागदावर आहे. आता हा फॉर्म भरताना कधी बघितलाय? आशाताई उन्हात चालत आलेली, हातात आणखी चार रजिस्टरं, समोर सून, बाजूला सासू, दारात दीर. "उदास वाटते का हो?" "नाही जी." टिक. पुढचं घर. मी आशाताईंना बोल लावत नाही. सासूसमोर कोणती सून हो म्हणणार आहे? आणि 'उदास' हा शब्द आपल्याकडे बोलतो कोण?

नैराश्य, उदासीनता, खिन्नता हे सगळे पेपरातले शब्द. मी मराठीचाच मास्तर आहे, मला हे शब्द आवडतात. पण माझी आई आयुष्यात कधी 'मला नैराश्य आलंय' म्हणाली नाही. ती म्हणायची, "मन नाही लागत जी कशातच." "रातभर डोरा लागत नाही." "आंग भारी भारी लागते." "जीव कसातरीच होते." झाडीबोलीत या आजाराला पंचवीस वाक्यं आहेत, आणि सरकारी फॉर्ममध्ये त्यातलं एकही नाही. "बाई, रोवणी झाल्यावर गाणं म्हणावंसं वाटलं का यंदा?" असं विचारून बघा. ताई काय काय सांगेल ते फॉर्मच्या मागच्या पानावरही मावणार नाही.

"आमच्या वेळी नव्हतं हे डिप्रेशन-बिप्रेशन. मोबाईलने आणलं." हे वाक्य या पोस्टखाली येणारच आहे, म्हणून उत्तर आधीच देतो. काका, तुमच्या वेळीही होतं. तुमच्या वाड्यातली एक काकू महिनोन्‌महिने खाटेवरून उठत नव्हती, तिला 'बाहेरचं' झालं म्हणून पुजाऱ्याकडे नेलं होतं. एक मामा शेतावरच्या झोपडीत जाऊन राहिला होता, त्याला 'विक्षिप्त' म्हणायचे. नाव वेगळं होतं एवढंच. मोबाईलचा हात असेल, विशेषतः पोरांच्या झोपेच्या बाबतीत तर नक्कीच. पण पुजाऱ्याकडच्या रांगा मोबाईलच्या आधीच्या आहेत.

आणि 'दिसत नाही म्हणजे नाही' ही समजूत किती फसवी असते याचा जगभर गाजलेला पुरावा तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला आहे. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमध्ये ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये 'लॅन्सेट'ने तो अभ्यास छापला. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के. तोवर सरकारच्या लेखी गावातल्या बाईला बाळंतपण सोडून दुसरं काही होतच नव्हतं. बायका सांगत नव्हत्या, कारण कुणी विचारत नव्हतं, आणि विचारणारा असला तर तो पुरुष असायचा. विचारणारी बाई आली, बायकांच्याच शब्दांत बोलली, आणि दडलेलं सगळं बाहेर आलं. आज मनाच्या आजाराच्या बाबतीत आपण १९८९ च्या आधी उभे आहोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोजून करायचं काय, असंही विचारतात. तज्ज्ञ डॉक्टर आहेत कुठे? बरोबर आहे. देशात लाखामागे एक मानसोपचारतज्ज्ञही पडत नाही. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय आपल्यापासून शंभरावर किलोमीटर लांब. जायला-यायला दिवस मोडतो, मजुरी बुडते, भाडं लागतं, आणि वर 'पागलखान्यात गेला होता' हा शिक्का फुकट.

पण 'विश्राम'चं पुढचं ऐका. त्यांनी तीस गावांत तज्ज्ञ डॉक्टर नेऊन बसवले नाहीत. गावातल्याच लोकांना शिकवलं, ते घरोघरी बोलले, ज्यांना गरज आहे त्यांना समुपदेशकाशी जोडून दिलं, आणि फारच त्रास असेल तर डॉक्टरकडे. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण (४.३ टक्के) कुणाची तरी मदत घेत होते. दीड वर्षाच्या कामानंतर ते २७.२ टक्के झाले. वर्षभरात मरणाचे विचार येऊन गेलेल्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ वर आलं. तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावं ठेवलेली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय त्या कामालाच द्यावं असं मी म्हणणार नाही. पण गोव्यात तशी काटेकोर तुलना करून झालेला अभ्यासही आहे. तिथे 'संगत' संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना शिकवून सहा ते आठ बैठकींची बोलण्याची पद्धत वापरली. तीन महिन्यांनी बरे झालेले ६४ टक्के निघाले. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात हेच ३९ टक्के होते. त्या बैठकींत होतं काय? गादीवरून उठून एक छोटं काम कर, उद्या एका माणसाला भेट, पूर्वी आवडायचं ते थोडं थोडं सुरू कर, आणि हे दर आठवड्याला कुणीतरी प्रेमाने विचारणार. एवढंच. गडचिरोलीत शोधग्रामच्या आरोग्यदूतांनी घरच्या घरी नवजात बाळं वाचवून दाखवली, तेव्हाही लोक म्हणाले होते की अडाणी बाई इंजेक्शन कशी देईल.

गोळ्यांबद्दलही थोडं, कारण इनबॉक्समध्ये हेच विचारलं जाईल. मी घेतल्या. सवय लागत नाही. पहिले दोन-तीन आठवडे काही फरक जाणवत नाही, आणि बहुतेक लोक तिथेच सोडतात. बरं वाटल्यावरही डॉक्टर काही महिने चालू ठेवायला सांगतात, तेव्हा मनाने बंद करायच्या नाहीत. स्वस्तातल्या जेनेरिक मिळतात. प्रत्येकाला लागतातच असंही नाही, ते डॉक्टर ठरवतील. मांत्रिकाला दिलेले एकवीसशे कुठे आणि हा खर्च कुठे!

आता जरा अवघड बोलतो. पुरुषांबद्दल.

डिप्रेशन बायकांत जास्त, साधारण दीडपट, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण जीव देणाऱ्यांत पुरुष जास्त. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली, त्यातले दहापैकी सात पुरुष. सगळ्यात जास्त संख्या महाराष्ट्रातली, २२,७४६. आणि देशभरात चारापैकी एक रोजंदारीवर काम करणारा. शेतकऱ्याचं मरण निदान बातमी होतं. मजुराचं होत नाही. आपल्या पानावरची बातमी आठवा: 'पोटदुखीला कंटाळून', 'आजाराला कंटाळून', 'कारण अद्याप अस्पष्ट'. ते पोट किती महिने दुखत होतं, कुणी तपासलं होतं का, पोटच दुखत होतं का, हे दुसऱ्या दिवशीच्या बातमीत नसतं. दुसऱ्या दिवशी बातमीच नसते. प्रत्येक आत्महत्येमागे डिप्रेशनच असतं असं मुळीच नाही. कर्ज असतं, भांडण असतं, दारू असते. पण कर्जात असलेल्या शंभर जणांपैकी कुणाचं मन आतून खचलंय, हे वेळेवर ओळखता आलं असतं, असं मला वाटतं.

दारूवर तर आपल्या जिल्ह्याने सगळे प्रयोग करून पाहिले. २०१५ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये उठली. दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले, भाषणं झाली. माणूस पितो कशाला, हा प्रश्न त्या भाषणांत क्वचितच ऐकला. माझ्या ओळखीचा एक माणूस रोज संध्याकाळी प्यायचा 'झोप यावी म्हणून'. त्याला व्यसनमुक्तीला नेलं, परत आला, परत प्यायला. झोप का येत नाही हे कुणी विचारलं नाही. दारूने दोन तास झोप येते आणि मन आणखी खाली जातं, हे त्याला सांगायला हवं होतं. मीही सांगितलं नाही, कारण तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

वाघाकडे परत येतो. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा वेळी पंचनामा होतो, मदतीचा धनादेश मिळतो, नेते येतात. जी बाई जीव वाचवून घरी आली, ती पुढच्या हंगामात त्याच जंगलात जाते, कारण मोहफूल आणि तेंदूपत्ता सोडला तर पोरांच्या वह्या-पुस्तकांचं काय? तिला रात्री झोप लागते का, पान सळसळलं की तिचं काय होतं, असा रकाना पंचनाम्यात नसतो. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर आला तेव्हाही घरं मोजली, धान मोजलं, जनावरं मोजली. मोजायचं राहून जातं ते नेहमी एकच.

आणि पोरं. इथे माझं मन जास्त दुखतं, कारण माझी रोजीरोटीच त्यांच्यात आहे.

ब्रह्मपुरी शिकणाऱ्यांचं गाव. कुरखेडा, कोरची, आरमोरी, सिंदेवाही, कुठून कुठून पोरं येतात, खोली करून राहतात. दहा बाय दहाच्या खोलीत तिघं, एक गॅस, दोरीवर वाळत घातलेले कपडे, भिंतीवर नीटचं नाहीतर पोलीस भरतीचं वेळापत्रक. पहाटे मैदानावर धावणारी पोरं बघा. कुणाची तिसरी भरती, कुणाची पाचवी. वयाची अट संपत आलेली. घरून दर महिन्याला पैसे येतात आणि पैशासोबत एक वाक्य येतं, "यंदा काढच बापू." त्या वाक्याखाली दबलेली पोरं मला बाकावरून दिसतात. आधी उत्तर द्यायचा तो मुलगा मान खाली घालून बसतो. डबा न उघडता परत नेतो. चिडतो, अंगावर येतो. मोठी माणसं उदास दिसतात, पोरं पुष्कळदा चिडकी दिसतात, आणि आपण म्हणतो 'माजलाय'.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने १० ते १९ वयातल्या दर सात मुलांत एकाला कोणता ना कोणता मानसिक त्रास असतो, आणि आयुष्यभर साथ देणाऱ्या मानसिक आजारांतले निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. निम्हान्सच्या सर्वेक्षणात १३ ते १७ वयात हे प्रमाण ७.३ टक्के निघालं होतं, पण तपासलेली मुलंच जेमतेम बाराशे. माझ्या एका वर्गात ऐंशी पोरं आहेत. ७.३ टक्क्यांनी सहा होतात, सातात एक धरला तर अकरा. कोणते सहा, कोणते अकरा, हे मला माहीत असायला हवं. आशाताईंचा तो फॉर्म तीस वर्षांच्या पुढच्यांसाठी आहे, हे वर सांगितलंच. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीला आणि चोवीस वर्षांच्या भरतीवाल्या पोराला ते दोन प्रश्न विचारणारं दारात कुणीच येत नाही. २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला. त्यातले १,७६४ आपल्या राज्यातले.

२५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. कोचिंग क्लासेसनाही हे नियम लागू. शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. वसतिगृहात, वर्गात मदतीचा फोन नंबर ठळक लावायचा. नियम छान आहेत. आता आपापल्या पोराला एवढंच विचारा, तुझ्या कॉलेजच्या, क्लासच्या कोणत्या भिंतीवर तो नंबर आहे? टॉपरांचे फोटो कुठे आहेत ते त्याला न विचारता सांगता येईल. आणि मास्तर मंडळी, आपणही. मी एनएसएसचं, परीक्षेचं, निवडणुकीचं सगळं काम केलंय. या विषयाचं अर्ध्या दिवसाचंही प्रशिक्षण मला कधी मिळालेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी कधी मागितलंही नाही.

मागणी काय, असं विचाराल तर माझ्या मागण्या लहान आहेत. जिल्हा होईल तेव्हा होईल, त्याची वाट बघत चाळीस वर्षं काढली. ब्रह्मपुरीच्या सरकारी दवाखान्यात आठवड्याचा एक वार ठरवून मानसोपचारतज्ज्ञ बसावा, आणि तो वार बाजाराचा असावा, म्हणजे बाजाराला आलो होतो म्हणता येतं. (दाताचा बहाणा प्रत्येकाला जमतोच असं नाही.) आशाताईंना ते दोन प्रश्न एकांतात आणि आपल्या बोलीत विचारायला शिकवा, त्या कामाचा वेगळा मोबदला द्या, आणि वयाची अट काढा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क केलाय, त्यामुळे ही काही मेहरबानीची मागणी नाही. आणि एक आमच्या झाडीपट्टीच्या निर्मात्यांना. दिवाळीपासून होळीपर्यंत तुमच्या मंडपात हजारो माणसं रात्रभर बसतात. बाप मेल्यावर घरात न रडलेला माणूस तुमच्या नाटकात हुंदके देऊन रडतो, मी पाहिलंय, मीही रडलोय. मध्यंतरात जाहिराती वाचता, देणगीदारांची नावं वाचता, तिथे एक नंबर वाचाल का? १४४१६. सरकारचा 'टेलिमानस'. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. नाव सांगावंच लागतं असं नाही. कुणाच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर पोस्ट इथेच सोडा आणि आधी तो नंबर लावा, किंवा शेजारच्या खोलीतल्या माणसाला उठवा. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

त्या एसटीतल्या गृहस्थांचं सांगायचं राहिलं. सहा वर्षं आम्ही रस्त्यात भेटतो, नमस्कार करतो, पावसापाण्याचं बोलतो. ते ही पोस्ट वाचतील. भाऊ, बहीण कशी आहे तुमची? माझा मित्र आता बरा आहे.

लवंगेचं तेल देणारे सहकारी मागेच निवृत्त झाले. इतकी वर्षं त्यांच्याशी खोटं बोललो, म्हणून पोस्ट टाकायच्या आधी काल रात्री त्यांना फोन केला आणि दाताचं खरं काय ते सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाले, "सर, त्या डॉक्टरचा पत्ता पाठवता का? पोरगी चार महिन्यांपासून खोलीतून बाहेर निघत नाही."